उत्तराची घाई नको : वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन केस-चर्चेवर वाचकांचे प्रश्न

गेल्या अंकात मी आमच्या विद्यार्थ्यांच्या ऑनलाइन केस-चर्चेबद्दल लिहिलं होतं. एका रुग्णाची हकीकत टप्प्याटप्प्यानं द्यायची, आठ-दहा विद्यार्थ्यांनी आपापल्या फोनवरून, आपापल्या वेळेला त्यावर लिहायचं, एकमेकांचं म्हणणं खोडायचं, आणि शिक्षकानं मध्ये मध्ये प्रश्न विचारत राहायचं, असा तो प्रकार. त्यावर बरीच पत्रं आली. विदर्भातल्याच चार वाचकांची पत्रं या वेळी घेतली आहेत. नावं कोणाचीच देत नाही.

प्रश्न : मॅडम, मी शेतकरी आहे. मुलगी मेडिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सुट्टीत घरी आली की जेवण करून स्लॅबवर जाऊन बसते, कारण रेंज तिथंच येते. तास तास मोबाईलवर टाइप करत असते. विचारलं तर म्हणते, बाबा, अभ्यास करून रायली. मोबाईलवर गप्पा मारून डॉक्टर होता येतं का? मग कॉलेजात काय शिकवतात?
— एक पालक, दिग्रस तालुका

उत्तर : भाऊ, तुमची शंका रास्त आहे आणि ती तुम्ही मुलीवर न ओरडता मला विचारलीत, याचं मला फार बरं वाटलं.

तुमच्या गावात पऱ्हाटीवर गुलाबी बोंडअळी आली की धुऱ्यावर चार जण जमतात. एक म्हणतो अळी आहे, दुसरा म्हणतो पावसानं बोंडं सडली, तिसरा म्हणतो आधी चार बोंडं फोडून तर पाहा. त्या बोलण्यात पुस्तकापेक्षा जास्त कळतं, कारण समोर वावर असतं आणि प्रत्येकाला आपलं म्हणणं पटवून द्यावं लागतं. तुमची मुलगी स्लॅबवर बसून हेच करते आहे. फरक एवढाच की तिच्यासमोर एका माणसाचं दुखणं आहे.

ही काही मोबाईल आल्यावर निघालेली टूम नाही. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठानं १९६९ साली वैद्यकीय शिक्षण रुग्णाच्या प्रश्नापासून सुरू करायचं ठरवलं. आधी व्याख्यान आणि मग रुग्ण, हा क्रम त्यांनी उलटा केला. लहान गटात बसायचं, एका रुग्णाची हकीकत घ्यायची, आपल्याला काय ठाऊक नाही ते शोधायचं, वाचून यायचं आणि पुन्हा बोलायचं. त्याच १९६९ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात सेवाग्रामचं मेडिकल कॉलेज निघालं आणि तिथल्या विद्यार्थ्यांना पहिल्याच वर्षी गावात मुक्कामाला नेण्याची पद्धत पडली. दोन्ही ठिकाणी शिक्षणाची सुरुवात माणसापासून झाली. आता फक्त गटाला एका टेबलाभोवती जमायची गरज उरलेली नाही. एक जण दिग्रसला, एक देऊळगाव राजाला आणि एक होस्टेलवर असला तरी चालतं.

पण तुमचं अर्धं म्हणणं मला मान्य आहे. पोटावर हात ठेवून यकृत लागतं का पाहणं, स्टेथोस्कोप लावून छातीतला बारीक आवाज ऐकणं, घाबरलेल्या बाईशी नीट बोलणं, हे फोनवर येत नाही. ते वॉर्डातच शिकावं लागतं. चर्चा वॉर्डाच्या जोडीला हवी. मुलीला एकदा विचारा, आजच्या रुग्णाबद्दल तुझं म्हणणं काय आणि कशावरून? ती तुम्हाला कळेल अशा भाषेत सांगू शकली, तर अभ्यास चालू आहे असं समजा. आणि तिनं रुग्णाचं नाव-गाव सांगायला नकार दिला तर रागावू नका. तेही तिला शिकवलेलंच आहे.

प्रश्न : मी एका मेडिकल कॉलेजात मेडिसिन विभागात सहायक प्राध्यापक आहे. तिसऱ्या वर्षाच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप केला आणि रोज एक केस टाकायला लागलो. ठरावीक तीन-चार मुलं पाच मिनिटांत निदान सांगतात, बाकीचे अंगठे दाखवतात. महिनाभरात ग्रुप थंड पडला. आता त्यावर फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा असतात. काय बदलू?
— एक शिक्षक, पश्चिम विदर्भ

उत्तर : सर, रोज केस टाकणं आजच थांबवा. एकच केस घ्या आणि तिच्यावर पाच-सहा दिवस काढा. तुमच्या ग्रुपवर प्रश्नमंजूषा चालली होती. पहिल्यानं बरोबर उत्तर दिलं की बाकीच्यांना विचार करायचं कारणच उरत नाही, आणि पहिल्यानं चुकीचं दिलं तर पुढचे पाच जण त्याच्या मागे जातात.

दुसरं, निदान विचारू नका. मी पावसाळ्यात घेतलेली एक केस इथे थोडी सविस्तर सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मी एवढंच लिहिलं होतं : शेतमजूर बाई, वय पस्तिशीचं. आदल्या दिवशी, फवारणी चालू असलेल्या वावराच्या शेजारी निंदण केलं. पहाटे पोटात कळ उठून जाग आली, दोनदा उलटी. जवळच्या दवाखान्यात अ‍ॅसिडिटीचं इंजेक्शन मिळालं. सकाळी आमच्याकडे आली तेव्हा म्हणाली, ‘डोये उघडून नाही रायले जी, अन् थुका गिळता येत नाही.’ ताप नाही, अंगावर जखम दिसत नाही. खाली प्रश्न होता : तुम्ही तिच्या खाटेशेजारी उभे आहात. पहिल्या पाच मिनिटांत काय पाहाल, काय विचाराल, आणि का?

अट अशी की आपलं लिहिल्याशिवाय दुसऱ्याचं दिसणार नाही. मूडल नावाच्या मोफत प्रणालीत चर्चेचा असा एक प्रकार तयारच मिळतो. बऱ्याच कॉलेजांनी ही प्रणाली घेतलेली असते आणि तिच्यावर फक्त नोट्स चढवतात. ती नसेल तर पहिल्या दिवशीची उत्तरं गुगल फॉर्मवर मागवा आणि दुसऱ्या दिवशी सगळी एकदम ग्रुपवर टाका. संपूर्ण पद्धतीत ही एक अट सोडू नका, बाकीचं सगळं सोयीनं बदला.

बहुतेकांनी फवारणीचं विष, म्हणजे ऑर्गॅनोफॉस्फेट, लिहिलं. स्वाभाविक होतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं माणसं दगावली, ते आपल्याकडच्या मुलांनी घरीदारी ऐकलेलं आहे. एकानं मी विचारण्याआधीच लिहिलं, की डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या असतील, लाळ गळत असेल, घाम असेल, नाडी मंद असेल. मी फक्त तपासणीतलं दिलं : बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, घाम नाही. त्या मुलानं अर्ध्या तासानं स्वतःच लिहिलं, ‘मग माझं म्हणणं बसत नाही. ऑर्गॅनोफॉस्फेट असतं तर उलट दिसलं असतं.’ मी काही बोलले असते तर हे वाक्य त्याच्याकडून आलं नसतं.

एरवी वर्गात तोंड न उघडणारी एक मुलगी होती. तिनं एकच ओळ लिहिली होती, ‘बाई खाटेवर झोपते की खाली?’ मी उत्तर दिलं, खाली, आणि विचारलं, हे का विचारलंस ते लिही. मग तिनं दहा ओळी लिहिल्या. मण्यार रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्याला चावते, दात इतके बारीक की खूण सापडत नाही, सूज येत नाही, झोपेत चावल्याचं कळतही नाही, आणि पहाटे पोटदुखीनं जाग येते. तिच्या गावात असं झालेलं तिनं पाहिलं होतं. पुस्तकातलं वाक्य तिला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. ते आणि गावातलं मरण तिनं इथे पहिल्यांदा जोडलं.

तिसऱ्या दिवशी मी रक्त गोठण्याची चाचणी दिली. स्वच्छ, कोरड्या, नव्या काचेच्या नळीत दोन मिलिलिटर रक्त घेऊन २० मिनिटं न हलवता ठेवायचं आणि मग नळी एकदा कलती करून पाहायचं. रक्त नीट गोठलं होतं. एकानं ठासून लिहिलं, ‘चाचणी नॉर्मल, म्हणजे साप नाही.’ सर, या एका ओळीसाठी मी सगळा खटाटोप करते. ही समजूत परीक्षेत दिसत नाही, वर्गात कोणी बोलून दाखवत नाही, आणि इंटर्नशिपमध्ये रात्रपाळीला तीच एखाद्याचा जीव घेऊ शकते. ती लिहिली गेली म्हणून दिसली. दोघांनी त्याला पुराव्यासकट खोडलं : घोणस आणि फुरशाचं विष रक्ताची गोठण्याची क्रिया बिघडवतं, मण्यारीचं विष मज्जातंतूंवर जातं. ही चाचणी नॉर्मल आली म्हणून मण्यार सुटत नाही. मग चर्चा बरोबर जिथे जायला हवी तिथे गेली : मान उचलता येते का, एका श्वासात किती आकडे मोजता येतात, श्वास कमी पडायला लागला तर नळी घालायची तयारी आहे का, प्रतिविष सुरू करायला चाव्याची खूण सापडायची वाट पाहायची का. नाही पाहायची. लक्षणं पुरेशी आहेत.

या सगळ्यात माझं लिखाण थोडं होतं, आणि बहुतेक प्रश्नच. पण मी रोज दोनदा तिथे होते आणि मुलांना ते दिसत होतं. हे महत्त्वाचं आहे. २००० साली गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या कॅनडातल्या तीन अभ्यासकांनी ऑनलाइन शिकण्याला लागणाऱ्या तीन प्रकारच्या उपस्थिती मांडल्या : विचार करणाऱ्यांची, एकमेकांना माणूस म्हणून ओळखणाऱ्यांची आणि शिकवणाऱ्याची. तुमच्या ग्रुपवर शुभेच्छा आहेत म्हणजे दुसरी शाबूत आहे. पहिली आणि तिसरी आणायची आहे. त्यासाठी पूर्ण बॅच एका ग्रुपात घेऊ नका. आठ-दहांचे गट करा, प्रत्येक केसला एक विद्यार्थी सूत्रधार नेमा आणि शेवटी सारांश त्याच्याकडून घ्या. आपली केस संपली त्या दिवशी आम्ही सगळे वॉर्डात गेलो आणि सारांश त्या बाईच्या खाटेपासून चार पावलांवर उभं राहून हळू आवाजात वाचला. तोवर तिचा व्हेंटिलेटर निघाला होता.

गुणांबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण विभागप्रमुख विचारतील. बरोबर निदानाला गुण देऊ नका. द्यायचेच तर कारण लिहिल्याबद्दल आणि पुरावा पाहून आपलं मत बदलल्याबद्दल द्या. २०१९ पासून आपल्याकडे जो क्षमताधिष्ठित अभ्यासक्रम आला, त्यात लहान गटातली चर्चा आणि स्वयंअध्ययन यांना तास दिलेले आहेत, तेव्हा वेळ कुठून आणू ही अडचण निदान कागदावर तरी सुटलेली आहे.

आणि व्हॉट्सअ‍ॅपवर रुग्णाचा फोटो टाकूच नका. तो प्रत्येकाच्या गॅलरीत जाऊन बसतो आणि तिथून घरच्यांच्या हातात जातो. केसपेपरचा नंबर नको, चेहरा नको, गावाचं नाव नको. मोठ्या शहरात नाव झाकलं की पुरतं. आपल्याकडे ‘अमुक गावची, साप चावलेली, दोन लेकरांची आई’ एवढ्यावर अख्खा तालुका ओळखतो. म्हणून वय थोडं बदला, महिना बदला, आणि रुग्णाला तिच्या भाषेत विचारा, की ‘तुमच्या दुखण्यावरून ही पोरं शिकतील, चालेल का?’ मला आजवर बहुतेकांनी हो म्हटलं आहे. नाही म्हणणाऱ्यांची केस मी घेतलेली नाही.

प्रश्न : मी तिसऱ्या वर्षाला आहे. दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या मराठी शाळेत शिकलो. आमच्याकडेही अशी चर्चा असते, पण इंग्रजीत लिहायचं म्हटलं की हात थांबतो. शिवाय दोघं-तिघं चॅटजीपीटीचं लांबलचक उत्तर चिकटवतात. त्यापुढे माझ्या चार ओळी फारच फिक्या दिसतात. काय करू?
— एक विद्यार्थी, बुलढाणा जिल्हा

उत्तर : बाळा, मराठीत लिही. रोगाची, औषधाची, तपासणीची नावं इंग्रजीत येतीलच, ती तशीच राहू दे. मधली वाक्यं मराठीत लिही. तुझ्या शिक्षकांना हे खटकेल असं वाटत असेल तर हा अंक त्यांना दाखव. रुग्ण काय म्हणाला ते तर त्याच्याच बोलीत लिहायचं. ‘अंग फुटून रायलं’ याचं भाषांतर करताना तू नकळत ‘ताप’ लिहून टाकतोस आणि सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचं दुखणं हातातून निसटतं. असं होताना मी पाहिलं आहे. विदर्भात ज्याला रुग्णाची बोली कळते त्याच्याकडे अर्धी हकीकत आपोआप येते. तुझ्याकडे ती आहे.

इंग्रजी सुधारायला हवंच, पुढे लागणार आहे. पण ते सुधारेपर्यंत विचार करणं पुढे ढकलू नकोस. आणि एक लक्षात घे, वर्गात ज्याचा हात आधी वर जातो त्याला बोलायला मिळतं. लेखी चर्चेत तुला पूर्ण रात्र मिळते. सावकाश विचार करणाऱ्या मुलांसाठी याहून चांगली जागा माझ्या पाहण्यात नाही.

चिकटवलेल्या उत्तरांना घाबरू नकोस. त्यात बारा शक्यतांची यादी असते, आणि यादी करणं हे डॉक्टरचं काम संपल्याची खूण मुळीच नाही, तिथून ते सुरू होतं. त्या यंत्राला वावरात फवारणी कोणत्या दिवशी झाली, नवरा सोबत आहे का, गावातून एसटी किती वाजता निघते, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. पुढच्या वेळी असं उत्तर आलं की त्याखाली नम्रपणे विचार : ‘यातलं तू पहिल्यांदा काय वगळशील आणि कशावरून?’ ज्यानं स्वतः विचार केला आहे तो सांगेल. ज्यानं केला नाही त्याला आता करावा लागेल, म्हणजे त्याचंही भलंच होईल. तपासून पाहायला, राहिलेली शक्यता शोधायला ते यंत्र वापरायला माझी हरकत नाही. आपलं लिहून झाल्यावर वापरा.

तू प्रत्येक वेळी तीनच गोष्टी लिही : मला काय वाटतं, कशावरून वाटतं, आणि काय दिसलं तर माझं मत बदलेल. तिसरी सगळ्यात अवघड. अनुभवी डॉक्टरही ती टाळतात. चार ओळींत ती आली तर तुझ्या चार ओळी पानभर मजकुराला भारी आहेत.

प्रश्न : गडचिरोली जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी आहे. रेंज येते-जाते, व्हिडिओ मीटिंग मध्येच तुटते. एकट्यानं काम करताना शिकणं थांबल्यासारखं वाटतं. अशी चर्चा आमच्यासारख्यांना उपयोगी पडेल का?
— एक डॉक्टर

उत्तर : डॉक्टर, माझ्या मते ही पद्धत सगळ्यात जास्त तुमच्याच उपयोगाची आहे. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ साली हेच हेरलं. हिपॅटायटीस सीच्या रुग्णांना शहरातल्या त्यांच्या क्लिनिकसाठी महिनोन् महिने थांबावं लागायचं. त्यांनी खेड्यापाड्यांतल्या आणि तुरुंगांतल्या डॉक्टरांना दर आठवड्याला व्हिडिओवर एकत्र आणून केसेसवर चर्चा सुरू केली. रुग्ण तिथेच राहिला, उपचार तिथल्याच डॉक्टरनं केले. २०११ मध्ये निकाल छापून आले : विद्यापीठाच्या क्लिनिकमध्ये ५७.५ टक्के रुग्ण विषाणूमुक्त झाले, खेड्यांत आणि तुरुंगांत ५८.२ टक्के. ‘प्रोजेक्ट एको’ या नावानं ते काम आज भारतासह अनेक देशांत चालतं. एकट्या पडलेल्या डॉक्टरला नियमित सोबत मिळाली तर तो किती पुढे जातो, हे मला या आकड्यांत दिसतं.

तुमच्याकडे व्हिडिओ तुटतो, म्हणून लेखी करा. मजकूर थोड्या रेंजमध्येही जातो आणि उत्तर दुसऱ्या दिवशी वाचलं तरी बिघडत नाही. तालुक्यातले पाच-सहा वैद्यकीय अधिकारी आणि तुमच्या कॉलेजातला एखादा शिक्षक एवढे पुरेत. आठवड्याला एक केस. मलेरियाचा ताप की आणखी काही, सिकलसेलच्या लेकराची धाप, बाळंतपणानंतरचे झटके, विषय शोधत जावं लागणार नाही.

मात्र समोर रुग्ण धापा टाकत असताना तिथे विचारू नका. तेव्हा फोन उचलायचा, १०८ बोलवायची, वरच्या डॉक्टरशी थेट बोलायचं. उपचाराचा सल्ला हवा असेल तर सरकारच्या ई-संजीवनी या ऑनलाइन सेवेवर डॉक्टर-ते-डॉक्टर सोय आहे. ही चर्चा शिकण्यासाठी आहे, दोन्ही कामं एका ग्रुपात घातली की दोन्ही बिघडतात.

पहिल्या केससाठी तुम्ही रेफर केलेला असा एखादा रुग्ण निवडा, ज्याचं पुढे काय झालं हे तुम्हाला कोणी कळवलंच नाही. जिल्हा रुग्णालयात फोन करून ते आधी विचारून घ्या. मग फक्त तुमच्या केंद्रात तो आला तेव्हा तुम्हाला जेवढं ठाऊक होतं तेवढंच गटात लिहा. पुढचं शेवटच्या दिवसापर्यंत कोणालाही सांगू नका, त्या शिक्षकालासुद्धा.